म्युझिक गेम खेळून लय पक्की होते का?

अर्धमात्रा:

बरेच दिवस मनात असलेला प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मुलगी सहावीत आहे, तबला शिकते. हात चांगला आहे, बोल स्वच्छ निघतात, पण लय पळते. बरोबरीत (मूळ वेगात) ठेका धरून दुगुनीत (दुप्पट वेगात) गेली की ठेक्यावर परत येताना मूळ लय उरलेलीच नसते, चढलेली असते. सर म्हणतात, लेहऱ्यावर (पुन्हा पुन्हा वाजत ताल दाखवणाऱ्या धुनेवर) बसव, हातावर ताल धरून पढंत (बोल तोंडाने म्हणणं) करून घे, हळूहळू बसेल. ते आम्ही करतोच आहोत.

याच मुलीकडे 'ताइको नो तात्सुजिन' हा जपानी ढोलाचा गेम आहे. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: स्क्रीनवर उजवीकडून डावीकडे लाल आणि निळे गोळे सरकत येतात. लाल आला की ढोलाच्या मध्यावर मारायचं, निळा आला की कडेवर. ठरलेल्या वर्तुळात गोळा पोचतो त्या क्षणी मारलं की पूर्ण गुण, थोडं मागेपुढे झालं की कमी, फारच चुकलं की शून्य. यातली कठीण पातळीवरची गाणी ती न अडखळता वाजवते. म्हणजे सेकंदाच्या काही शतांश भागाइतका नेमकेपणा तिच्या हातात आहे. तबल्यावर बसली की तो कुठे जातो?

तर प्रश्न असा, की असे गेम खेळून लयीची समज खरंच वाढते, की फक्त तो गेम चांगला खेळता येऊ लागतो?

माझं आत्तापर्यंतचं मत सांगते. गेममध्ये लय गाणं सांभाळतं आणि मुलगी गाण्याला चिकटून चालते. लेहरा बंद केला की तबल्यावर लय तिची तिलाच सांभाळायची असते. ही दोन कामं मला वेगळी वाटतात, आणि दुसरं काम गेम तिला देतच नाही. पण एक गोष्ट गेम अशी करतो, जी मला घरी करता येत नाही आणि सरांना आठवड्यातून दोनदाच करता येते. प्रत्येक ठोक्याला तो तिला तिथल्या तिथे सांगतो, की लवकर पडला, उशिरा पडला, की बरोबर पडला. ही शिकवण फुकट जात असेल असं मला वाटत नाही. ती तबल्यापर्यंत पोचवायची कशी, हे मला समजून घ्यायचं आहे.

तबला, पखवाज, ड्रम वाजवणारे, गेम खेळणारे, शिकवणारे, सगळ्यांचे अनुभव हवे आहेत. मुलांनी स्क्रीनसमोर किती वेळ बसावं हा विषय कृपया इथे नको, त्यावर वेगळे धागे आहेत.


बटणबहाद्दर:

अगदी माझ्या जिव्हाळ्याचा विषय काढलात. मी हे गेम कॉलेजपासून खेळतोय.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण 'म्युझिक गेम' म्हटलं की सगळे एकाच टोपलीत टाकले जातात. १९९६ साली प्लेस्टेशनवर 'पाराप्पा द रॅपर' आला, तिथून या प्रकाराला आजचं रूप मिळालं असं धरलं जातं. १९९७ला कोनामीने 'बीटमॅनिया' काढला, पाच बटणं आणि एक फिरवायची तबकडी असलेलं आर्केडचं मशीन. १९९८ला 'डान्स डान्स रेव्होल्यूशन', पायाखाली चार बाण. २००५ला हार्मोनिक्सचा 'गिटार हिरो', आणि त्यांचाच २००७चा 'रॉक बँड', ज्यात चार पॅड आणि पायाचं पेडल असलेला ड्रमचा संच मिळायचा. पुढे 'ओसू', 'बीट सेबर' वगैरे.

यांत हातांचं काम वेगवेगळं आहे, त्यामुळे त्यांच्यातून मिळणारी शिकवणही वेगवेगळी. 'गिटार हिरो'तली पाच बटणं दाबून कोणी गिटार शिकत नाही. पण 'रॉक बँड'च्या ड्रमवर सर्वांत वरच्या पातळीला गाण्यातला ड्रमर जे वाजवतो ते बहुतांशी तसंच वाजवावं लागतं, उजवा हात, डावा हात आणि पाय तिघांना वेगळं काम देऊन. तिथून खऱ्या ड्रमवर गेलेली माणसं मी पाहिली आहेत. बसल्या बसल्या त्यांना साधा रॉक ठेका धरता आला.

आता नेमकेपणाबद्दल. 'ओसू'मध्ये ठोका किती मिलिसेकंदांच्या आत पडला की पूर्ण गुण, याचं सूत्रच आहे: ८० उणे काठिण्याच्या आकड्याची सहापट. म्हणजे काठिण्य ५ असेल तर ठोक्याच्या अलीकडे-पलीकडे ५० मिलिसेकंद, ८ असेल तर ३२, १० असेल तर फक्त २०. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची होते. तिच्या पंचविसाव्या हिश्शाइतकी चूक हा गेम पकडतो. इतका काटेकोर परीक्षक रोज समोर असल्यावर माणूस सुधारणार नाही, हे मला पटत नाही.

अर्धमात्रा, तुमची मुलगी कठीण पातळी न चुकता वाजवते, म्हणजे चौपट आणि तिप्पट लयीतले गट तिला ओळखता येतात. ही शिदोरी कमी नाही.


कोमल_ऋषभ:

वाचतेय. भाच्याच्या बाबतीत आमच्याकडेही हाच विषय चालू आहे.


ठायलय:

मी तबला शिकवतो. गेम फारसे खेळलेलो नाही, पण माझ्याकडे येणारी निम्मी मुलं खेळतात, त्यामुळे काय येतं आणि काय येत नाही ते डोळ्यांसमोर आहे.

गेम खेळणाऱ्या मुलांना सुरुवात सोपी जाते, हे मान्य करतो. लेहरा लावला की ती पटकन त्याला पकडतात. कुठे बसायचं ते सांगावं लागत नाही. दोन्ही हातांना वेगळी कामं दिली तर घाबरत नाहीत.

अडचण पुढे येते. तीनतालाच्या सोळा मात्रांचं आवर्तन त्यांना ऐकू येत नाही, त्यांना सुटे सुटे ठोके ऐकू येतात. नवव्या मात्रेला खाली (टाळीऐवजी हात रिकामा दाखवायची जागा) आली, पाठोपाठ डग्गा मिटला, म्हणजे आता समेकडे, आवर्तनाच्या पहिल्या मात्रेकडे, परतीची वाट सुरू झाली, ही जाणीव नसते. कारण त्यांच्या खेळात गाणं पुढे पुढे जातं आणि संपतं. समेवर यायचं असतं, हेच तिथे नसतं. तिहाई, म्हणजे तीनदा वाजवायचा तुकडा, अशी उचलायची की तिसऱ्या वेळचा शेवटचा धा नेमका समेवर पडेल, यासाठी सोळा मात्रा आधीपासून मनात चालू असाव्या लागतात. पुढचा गोळा दिसल्यावर मारायच्या सवयीतून ते येत नाही.

दुसरं, विलंबित, म्हणजे अगदी संथ लय. विलंबित एकतालात एक मात्रा चार सेकंदांची धरा, बारा मात्रांचं आवर्तन ४८ सेकंदांचं झालं. या लयीत दोन मात्रांमधली जागा मनात भरता येणं हीच खरी परीक्षा. गेम बहुतेक जलद गाण्यांचे असतात, तिथे ही जागाच नसते.

आता मूळ प्रश्न, लय का पळते. अर्धमात्राताई, एक साधी तपासणी करून बघा. मुलीला तबल्यापासून उठवा आणि फक्त हातावर ताल धरून तोंडाने पढंत करायला सांगा. बरोबरी, दुगुन, परत बरोबरी. पढंतीत लय टिकत असेल, तर तिच्या कानात काही कमी नाही, हात पळतो आहे. बोटांना सवयीचा झालेला बोल आपोआप जलद निघतो आणि अवघड बोलापाशी हात अडतो. मग इलाज हाताचा करायचा. पण पढंतसुद्धा पळत असेल, तर आतली लयच अजून बसलेली नाही. या दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत आणि गेमचा उपयोग झालाच तर दुसऱ्या प्रकारात थोडा होईल, पहिल्यात नाही.


मेंदूचा_तळ:

ठायलय यांनी केलेला फरक फार महत्त्वाचा आहे. संगीत आणि आकलन या विषयावर वाचन असल्यामुळे संशोधन काय म्हणतं ते मांडतो.

पॅसिन्स्की, हॅनन आणि स्नायडर यांचा २०१६चा एक अभ्यास आहे. म्युझिक गेम भरपूर खेळलेल्या लोकांना संगीत ऐकून ओळखण्याच्या चाचण्या दिल्या, तेव्हा न खेळणाऱ्या आणि संगीत न शिकलेल्या लोकांपेक्षा त्यांची कामगिरी चांगली निघाली. बटणबहाद्दर यांच्या बाजूने हा चांगला पुरावा आहे. पण यातून गेममुळे कान सुधारला असं सिद्ध होत नाही. ज्यांचा कान मुळात चांगला त्यांनाच हे गेम आवडत असतील, ही शक्यता उरतेच, आणि संशोधकांनीही गेममुळे क्षमता वाढू शकेल ही केवळ शक्यता म्हणून मांडली आहे.

दुसरा २०१७चा लेख, बेजेल, दाल्ला बेला आणि सहकाऱ्यांचा. त्यांनी बाजारातले लयीचे गेम एकेक करून तपासले, की लय शिकवायला किंवा लयीच्या दोषावर उपचार म्हणून यातला कोणता वापरता येईल. त्यांचा आक्षेप अर्धमात्रा यांच्या शंकेच्या अगदी जवळचा आहे: बहुतेक गेममध्ये खेळाडू डोळ्यांना दिसणाऱ्या खुणेवर हात चालवतो, कानाने लय पकडणं सक्तीचं नसतं. आणि ठोका नेमका कधी पडला याची नोंदही अनेक गेम पुरेशा बारकाईने ठेवत नाहीत. म्हणून याच गटाने 'रिदम वर्कर्स' नावाचा टॅब्लेटवरचा गेम स्वतः तयार केला. त्यात संगीताच्या ठोक्याशी आपली टिचकी जितकी जुळेल तितकी इमारत चांगली उभी राहते. पुढचा ठोका कुठे आहे हे सांगणारं चित्र नाही, ऐकूनच ठरवायचं.

आणखी एक गोष्ट, जी वादक मंडळींना ओळखीची वाटेल. कोणालाही मेट्रोनोमबरोबर (ठरावीक लयीत टकटक करणाऱ्या यंत्राबरोबर) बोट आपटायला सांगितलं तर बोट ठोक्याच्या किंचित आधी पडतं, साधारण काही दशक मिलिसेकंद. ज्यांनी संगीताचं शिक्षण घेतलंय त्यांच्यात हे अंतर कमी असतं. म्हणजे आपण ठोका ऐकून त्यावर प्रतिक्रिया देत नसतो, तो कधी येणार याचा अंदाज बांधून आधीच हात सोडलेला असतो. लयीची जाण म्हणतात ती हीच. सरकत येणारा गोळा बघून मारणं हाही अंदाजच आहे, पण गोळ्याचा वेग डोळ्यांनी मोजून केलेला. कानाला त्यात सूट मिळते.

विलंबिताबद्दल: दोन ठोक्यांमधलं अंतर साधारण पावणेदोन-दोन सेकंदांपलीकडे गेलं की माणसाला सलग अंदाज बांधणं जड जातं, तो ठोका ऐकल्यावर मागून मारू लागतो. चार सेकंदांची मात्रा धरणारा तबलजी आत तिचे लहान भाग करत असतो. ही क्रिया शिकवावीच लागते.


ओसाकाकर:

जपानमध्ये राहतो, 'ताइको'चं मशीन घराजवळच्या गेम सेंटरमध्ये आहे, म्हणून लिहितोय. २००१ साली नामकोने हे आर्केडमध्ये आणलं. दोन मोठे ढोल, हातात लाकडी काठ्या, उभं राहून पूर्ण खांद्यातून मारायचं. शनिवारी शाळकरी मुलांपासून आजोबांपर्यंत रांग असते.

अर्धमात्रा, तुमची मुलगी घरी कशावर वाजवते? ढोलाचा कंट्रोलर आहे की साध्या कंट्रोलरची बटणं दाबते? याने फार फरक पडतो. बटणाला उचल नसते. ढोलावर काठी वर नेण्यात आणि खाली आणण्यात वेळ जातो, आणि तो वेळ आधीपासून मोजावा लागतो. लय अंगात उतरते ती त्या उचलीतून. बटणं दाबण्यात बोटाची हालचाल इतकी छोटी असते की ते केवळ चपळतेचं काम होतं.

दुसरं, कान सक्तीने वापरायला लावणारा गेम निन्टेन्डोने काढला आहे, 'रिदम तेंगोकू', २००६चा. अमेरिकेत पुढचे भाग 'रिदम हेवन' नावाने आले. त्याची कल्पना त्सुंकू या संगीतकार-निर्मात्याची. लोकांची लयीची जाण सुधारावी या हेतूनेच त्याने ती निन्टेन्डोकडे नेली होती, आणि गेम बनवणाऱ्या चमूला त्याने आधी नाचाच्या शिकवणीला पाठवलं. या खेळात सरकणारे गोळे नाहीत. एक कराटेपटू उभा आहे, त्याच्याकडे कुंडी फेकली जाते, ती कधी फोडायची ते संगीत ऐकून ठरवायचं. काही ठिकाणी चित्र मुद्दाम झाकलं जातं. नजरेवर विसंबणारा खेळाडू तिथे अडतो आणि डोळे मिटून खेळणारा पुढे जातो. वरच्या संशोधनातला आक्षेप या गेमला लागू होत नाही.


अर्धमात्रा:

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकी नेमकी उत्तरं मिळतील असं वाटलं नव्हतं.

ओसाकाकर, ती बटणंच वापरते. हा मुद्दा माझ्या लक्षातच आला नसता.

ठायलय सर, तुम्ही सांगितलेली तपासणी लगेच केली. पढंतीत ती पुष्कळ स्थिर आहे. धा धिं धिं धा म्हणताना टाळी नीट पडते, दुगुन करून परत आली तरी लय जवळजवळ तीच राहते. तबल्यावर तेच केलं की चढते. मला याचा खरंच आनंद झाला, कारण तिची समज कमी आहे ही काळजी मनात घर करून होती.

मग गेमवरही एक प्रयोग केला. तिच्या पाठ असलेल्या गाण्याला तिला टीव्हीकडे पाठ करून बसवलं. गोळे दिसत नसताना मुख्य ठोके तिने छान धरले, लहान लहान गट मात्र सुटले. मग मध्येच आवाज बंद केला आणि तू तशीच चालू ठेव म्हटलं. थोड्या वेळाने आवाज परत लावला तेव्हा ती गाण्याच्या पुढे गेलेली होती. तबल्यावर नेमकं हेच होतं.


ठायलय:

उत्तम केलंत. आता हाताचं बघू. दुगुनीचा वेग गाठायच्या आधी तिला ठाय (संथ) लयीत तोच बोल जास्त वेळ वाजवू द्या. आणि दुगुनीतून ठेक्यावर परतताना पहिल्या आवर्तनात तोंडाने बोल म्हणतच वाजवायचं. तोंड हाताला आवर घालतं. आमच्या गुरुजींनी आम्हाला असंच बसवलं.


ढोलताशेकर:

पुण्यात पथकात वाजवतो. समूहात वाजवण्याची बाजू अजून आली नाही म्हणून लिहितो.

पथकात दरवर्षी नवीन मुलं-मुली येतात, कित्येकांनी आयुष्यात काही वाजवलेलं नसतं. त्यांना आम्ही आधी ढोल देत नाही. उभं करून टाळ्यांवर हात (वाजवायच्या ठोक्यांचा क्रम) शिकवतो, मग टिपरू (ढोलाची काठी) देतो, मग कंबरेला ढोल बांधतो. गेम खेळणारी मुलं यात पुढे असतात का? पहिल्या काही दिवसांत हो. हात लवकर पाठ होतो. पण खरी मेख पुढे आहे.

आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. पुढच्या ताशापासून मागची रांग ३० मीटरवर असेल तर ताशाचा आवाज तिथे पोचायला जवळजवळ ९० मिलिसेकंद लागतात. मागच्याने ऐकू येतं तसं इमानेइतबारे वाजवलं, तर पुढे उभ्या असलेल्या माणसाला अख्खी रांग मागे पडलेली ऐकू येते. बटणबहाद्दर यांच्या हिशोबाने तर तो सपशेल चुकलेला ठोका. म्हणून मागचे वादक ताशेवाल्याच्या आणि समोरच्या रांगेच्या हातांकडे बघून वाजवतात. टिपरू वर गेलं की आपलंही वर. इथे डोळ्यांनी लय धरणं हा दोष नाही, ती गरज आहे. त्यामुळे गेम डोळ्यांवर चालतात म्हणून त्यांचा उपयोग नाही, हे मला सरसकट पटत नाही.

आणि गेम जे अजिबात शिकवू शकत नाही ते असं: पथक स्वतः हलतं. मिरवणुकीत लक्ष्मी रोडवर गर्दी उसळली की लय थोडी चढते आणि ताशा ती आवरतो. कधी ताशाच मुद्दाम चढवतो. त्या वेळी बरोबर काय, तर जे सगळे मिळून वाजवतायत ते. गेममधलं गाणं तुमच्यासाठी कधी थांबत नाही की तुमच्याबरोबर धावत नाही. तिथे चूक नेहमी तुमचीच असते. शेजारच्याला ऐकून त्याच्याशी जुळवून घेणं ही लयीची अर्धी बाजू आहे, आणि ती फक्त माणसांबरोबर वाजवूनच येते.


बटणबहाद्दर:

ढोलताशेकर, तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य. अंतराचा हिशोब वाचून फार आनंद झाला, मी कधी असा विचार केला नव्हता.

ठायलय यांच्या एका मुद्द्यावर मात्र माझं मत वेगळं आहे. गेममधल्या मुलांना सुटे ठोकेच ऐकू येतात, हे सुरुवातीच्या खेळाडूंबद्दल खरं आहे. वरच्या पातळीवर सुटे गोळे वाचायला वेळच नसतो. चार चारचे, आठ आठचे गट एका नजरेत ओळखावे लागतात आणि गाण्याची ओळ कुठे संपते ते माहीत असावं लागतं. आवर्तन नसेल, पण वाक्याची जाण येते. त्यावर आवर्तन चढवणं कोऱ्या पाटीपेक्षा सोपं असावं.


ठायलय:

असू शकेल. माझ्याकडे येणारी मुलं त्या पातळीची नसावीत. एखादा तसा विद्यार्थी आला तर मी मुद्दाम लक्ष ठेवीन.


तारवाला:

ध्वनिमुद्रणाचं काम करतो. सगळी चर्चा ज्या गृहीतावर उभी आहे तिकडे लक्ष वेधतो: गेम सांगतो ते लवकर-उशिरा खरं असतं का?

ब्लूटूथ हेडफोन लावून खेळत असाल तर बहुतेक वेळा नाही. साधारण ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज दीडशे ते अडीचशे मिलिसेकंद उशिरा पोचतो. १२० च्या लयीत अडीचशे म्हणजे बरोबर अर्धी मात्रा. अशा वेळी कान म्हणतो आत्ता, चित्र म्हणतं मघाशीच. गुण चित्राप्रमाणे मिळतात, म्हणून मूल हळूहळू कानाकडे दुर्लक्ष करायला शिकतं. लय सुधारायला घेतलेला गेम कानाला गप्प बसवतो. मला हा सर्वांत मोठा धोका वाटतो आणि पालकांना याचा पत्ताही नसतो.

टीव्हीवर खेळत असाल तर टीव्हीदेखील चित्र सुधारण्यासाठी ते थोडं अडवून ठेवतो. सेटिंगमध्ये गेम मोड असतो, तो चालू करा. आवाज वायरच्या हेडफोनवर किंवा टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरवर ठेवा. आणि गेममध्ये हा उशीर भरून काढायला कॅलिब्रेशन किंवा ऑफसेट नावाची सोय असते, ती प्रत्येक वेळी टीव्ही किंवा हेडफोन बदलला की नव्याने करा. त्याला दोन मिनिटं लागतात.

लेहऱ्याच्या ॲपला हे तितकं लागू नाही, कारण तिथे तुमचा तबला तुम्ही थेट ऐकता आणि लेहरा सबंधच उशिरा आला तरी त्याची लय तीच राहते. अडचण येते ती ॲप तुमचे ठोके मोजून मार्क देत असेल तेव्हा.


अर्धमात्रा:

तारवाला, आमच्याकडे ब्लूटूथच आहे! आजच बदलते.


आरतीतला_आवाज:

मी कधीच कुठल्या धाग्यावर लिहीत नाही, पण हा वाचून राहवलं नाही. वय ५२. गाणं ऐकायला जीव की प्राण, पण आरतीत टाळ्या वाजवायला लागलो की सगळ्यांपेक्षा वेगळ्याच पडतात. लहानपणी शाळेत गाण्याच्या बाईंनी समूहगानातून बाजूला बसवलं होतं, ते आजही आठवतं. माझ्यासारख्याला या वयात या खेळांचा उपयोग होईल का? वाद्य शिकायचं नाही, फक्त नातवाच्या पहिल्या गणपतीत टाळ्या धड पडाव्यात एवढीच इच्छा आहे.


मेंदूचा_तळ:

काका, नक्की होईल असं मला मनापासून वाटतं. ठोका मुळातच पकडता न येणारी माणसं असतात, २०११ साली माँट्रियलच्या संशोधकांनी अशा एका तरुणाची नोंद प्रसिद्ध केली. संगीताच्या तालावर त्याला अंग हलवता येत नव्हतं, पण नुसत्या मेट्रोनोमच्या टकटकीबरोबर मात्र जमत होतं. अशी माणसं फार क्वचित. बहुतेकांच्या बाबतीत सराव मिळालेला नसतो, आणि बाजूला बसवल्यावर तो मिळणार तरी कसा.

टाळ्यांनी सुरुवात करू नका. आधी गाणं लावून जागच्या जागी पावलं टाका. पाय हातापेक्षा सावकाश हलतात, अंगाचं वजन एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला जातं, आणि ठोका कुठे आहे ते शरीराला कळायला मदत होते. पावलं जुळली की त्यांच्यावरच टाळी ठेवायची.


ढोलताशेकर:

काका, पथकात आम्ही नेमकं हेच करतो, आधी पाय. आणि बाईंनी केलं ते चुकीचंच होतं. आमच्याकडे पन्नाशीत आलेले वादक आहेत.


आजोळ_कोकण:

आमच्या गावच्या भजनात कोणी बाजूला बसवत नाही. नवख्याच्या हातात टाळ देतात आणि पक्क्या टाळकऱ्याच्या शेजारी बसवतात. भजनी ठेका इतक्या वेळा कानावरून जातो की हात आपोआप लागतो. मीही तसाच शिकलो. गेमचं माहीत नाही, पण काका, जवळपास भजनी मंडळ असेल तर जाऊन बसा.


आरतीतला_आवाज:

सर्वांचे खूप आभार. पावलांचा प्रयोग आजपासून. भजनी मंडळ आमच्या सोसायटीत आहे, गुरुवारी जातो. पण जोडीला घरी एकट्याने करण्यासारखं काही हवं आहे, लोकांसमोर अजून संकोच वाटतो. फोनवर चालेल असा एखादा खेळ सुचवाल का? झटपट बटणं दाबणं मला जमणार नाही.


ओसाकाकर:

'रिदम हेवन'च सुचवला असता, पण त्याला निन्टेन्डोचं यंत्र लागतं. फोनवरचं बटणबहाद्दर सांगतील.


बटणबहाद्दर:

काका, 'अ डान्स ऑफ फायर अँड आइस'. मलेशियातल्या मंडळींनी बनवलेला, २०१९ला आला, फोनवर आहे. एकच टिचकी, दुसरं काहीही नाही. दोन छोटे ग्रह, एक आगीचा आणि एक बर्फाचा, एकमेकांभोवती फिरत एका वाटेवरून पुढे जातात, आणि ग्रह पुढच्या फरशीवर आला की टिचकी मारायची. वाट सरळ असेल तेव्हा ठोके समान अंतराने. काटकोनात एका बाजूला वळली की ग्रहाला निम्माच फेरा करावा लागतो, म्हणून पुढचा ठोका निम्म्या वेळात, आणि दुसऱ्या बाजूला वळली की दीडपट वेळाने. म्हणजे मात्रेचे भाग डोळ्यांना आकार म्हणून दिसतात आणि कानाला ऐकूही येतात. चुकलात की पुन्हा सुरुवात, गुणांची घाई नाही.

पुढे पुढे तो फार अवघड होतो, तिकडे जायची गरज नाही. सुरुवातीच्या सोप्या वाटा पुरेत. एखादी वाट जमली की फोन पालथा ठेवा, ते गाणं नुसतं ऐका आणि मांडीवर तेच ठोके द्या. मेंदूचा_तळ आणि ठायलय यांनी जे सांगितलं ते तिथे होईल.


ठायलय:

मांडीवर ठोके देताना तोंडाने एक-दोन-तीन-चार मोजा, मोठ्याने. मनातल्या मनात मोजू नका, मनातलं मोजणं हाताबरोबर पळतं.


आरतीतला_आवाज:

उतरवून घेतला. तारवाला, माझ्या फोनला वायरच्या हेडफोनचं भोकच नाही, मग काय करू?


तारवाला:

हेडफोन लावूच नका. फोनचा स्वतःचा स्पीकर चालू ठेवा, त्याला ब्लूटूथसारखा उशीर होत नाही. खेळ उघडल्यावर आधी कॅलिब्रेशन करून घ्या. नाही सापडलं तर इथेच लिहा, कुठे टिचकी मारायची ते पायरीपायरीने सांगतो.